थांबवलं होतं, पुसलं नव्हतं

एप्रिल अर्धा सरला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. नळाचं पाणी आठ दिवसांवर जातं आणि मोबाइलवर नव्या जिल्ह्यांची यादी फिरायला लागते. यंदाही आली. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली, तिच्याखाली अभिनंदनाचे अंगठे पडले, आणि दुपारच्या सुट्टीत कळलं की यादी जुनीच आहे, फक्त वरची तारीख बदललेली. त्या यादीत उदगीर असतंच. मी आता नांदेडला असते, उदगीरशी माझं काही देणंघेणं नाही. पण ते नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवते आणि उगाच उठून रांजणाचं झाकण नीट करते.

दोन हजार सोळाच्या दुष्काळी उन्हाळ्यात मी लातूरला होते. वय सव्वीस. मूळ गाव मुदखेड. वडील तिथल्या रेल्वे जंक्शनवर पॉइंट्समन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि शिकवणीवाल्या भागात एका गल्लीत खोली घेऊन राहायची. पाणी इतकं आटलं की क्लासेस लवकर बंद झाले. पोरं ट्रंका घेऊन एसटीत बसली आणि आठवडाभरात गल्ली रिकामी झाली. भिंतीवर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो तेवढे राहिले. रिकाम्या रस्त्याकडे बघत ती शंभर पोरं दिवसभर हसत राहायची. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा वडिलांचा मुदखेडहून फोन आला. मला प्यायला मिळतं का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "गाडीला डबे किती हायेत? येकच इंजिन हाय का दोन?"

गल्लीत टँकर दोन दिवसांआड यायचा. यायच्या आधी घागरींची रांग लागायची. निळ्या, पिवळ्या, हिरव्या प्लास्टिकच्या घागरी, आणि प्रत्येकीवर ऑइलपेंटनं नाव. ती नावं माझ्या हातची. मी चित्रकलेची मॅडम आहे हे कळल्यावर गिरजामावशीनं मला ओट्यावरूनच हाक मारली होती, "अगं पोरी, तुला ब्रश धरता येतो म्हणे. मग या घागरींची भांडणं मिटव की!" एका दुपारी मी बत्तीस नावं लिहिली.

गिरजामावशी समोरच्याच घरात खाणावळ चालवायची. पंचेचाळिशीची, उंच, खणखणीत आवाजाची. चाळीस पोरं तिच्याकडे जेवायची. पोरं गेल्यावर मोठी पातेली पालथी घालून ती टँकरच्या रांगेची कारभारीण झाली. कुणाची घागर कुणाच्या मागे, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणी कालच दोन जास्त भरल्या, सगळं तिच्या तोंडी. तिनं "कमल, तुपला नंबर!" म्हटलं की ते चौकापर्यंत ऐकू जायचं. टँकर चालवायचा तिचाच धाकटा भाऊ, दत्ता. कमी बोलणारा, कायम डोक्याला ओला रुमाल बांधलेला. त्या दिवसांत ओला रुमाल ही श्रीमंती होती. गल्लीतल्या बाया त्याला चिडवायच्या आणि तो मान खाली घालून पाइप सोडवत बसायचा.

बसवराज त्याच सुमाराला आयुष्यात आला. उदगीरचा. घरची दाळमिल, पण हा मिलवर बसायचा नाही. लग्नाकार्याला, शाळांच्या गॅदरिंगला साउंड लावायचा. आमच्या शाळेत साउंड लावायला आला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला एक यंत्र दाखवलं. विटेएवढं, जमिनीवर ठेवायचं, पायानं दाबायचं. एकदा दाबलं की ते कान देतं. पुन्हा दाबलं की ऐकलेलं गोल गोल फिरवत बसतं. त्यावर दुसरा आवाज घालावा, मग तिसरा. त्यानं डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली, त्यावर ओठांनी फुर्र केलं, त्यावर बाहेरच्या बेलचा आवाज पकडला, आणि बघता बघता एकटा माणूस सात-आठ जणांएवढा झाला. "याला लूप म्हणतेत," तो म्हणाला. "मी फेरा म्हणतो."

शाळेच्या अडगळीत एक ओव्हरहेड प्रोजेक्टर पडून होता. काचेवर काही ठेवलं की त्याची भलीमोठी सावली पडद्यावर पडायची. मी त्या काचेवर बोटानं पाण्याचा थेंब ठेवला. पडद्यावर थेंबाची कड काळीभोर दिसली आणि मधे लख्ख उजेड. बोट फिरवलं तर थेंबाची नदी झाली. मग दिव्याच्या उष्णतेनं ती कडेकडेनं आक्रसत गेली आणि संपली. बसवराज पडद्याकडे बघतच राहिला. "सविता," तो म्हणाला, "आपुन हे लोकांत करू."

असा आमचा खेळ सुरू झाला. दिवेलागणीला एखाद्या गल्लीत पांढरी चादर बांधायची, समोर प्रोजेक्टर मांडायचा. बसवराज रिकामी घागर वाजवून सुरुवात करायचा, मी वाटीभर पाण्यानं काचेवर चित्र काढायची. काही ठरवायचं नाही. समोर बसलेल्यांनी आवाज द्यायचे. कुणी खोकला दिला, कुणी शिट्टी, एका म्हाताऱ्यानं बैलाला हाकारतात तसं "हर्र" दिलं. तो आवाज फिरायला लागला की लोक आपलाच आवाज परका झाल्यासारखे ऐकायचे. आणि शेवटी बसवराज हात वर करून म्हणायचा, "ज्याचं त्याला परत!" पाय दाबायचा आणि एकदम शांतता. आमचा तो नियमच होता. ठरवायचं काही नाही, ठेवायचं काही नाही. माझी चित्रं वाळून जायची, त्याचे आवाज पुसले जायचे. मला वाटायचं, दुष्काळात करायचा खेळ हाच. कुणाचं काही घेऊन जायचं नाही.

पहिल्या दिवशी गिरजामावशी माझ्यावर उखडली होती. "येका वाटीत इथं दोघं तोंड धुतेत, अन् तू काचेवर सांडायलीस?" पण ती गेली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि काचेवरची नदी आटेपर्यंत बघत होती. पुढच्या वेळी तिनं स्वतःच वाटी आणून माझ्या हातात दिली. "आज विहीर काढ," म्हणाली. "मपल्या माहेरची. पायऱ्याची." मी काढली. ती वाळायला लागल्यावर तिनं माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "अजून येक थेंब टाक की."

मग आमच्या गल्लीतली ती संध्याकाळ. त्या दिवशी टँकर निम्माच भरलेला आला होता आणि बाया चिडल्या होत्या. बसवराजनं घागरीचा ठेका फिरवत ठेवला आणि माइक पुढे केला. सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. ती माझ्याकडे वळली. "हे बोललेलं ऱ्हातं का गं कुठं?"

मी म्हटलं, "नाही मावशी. शेवटी पुसलं जातं."

"नक्की?"

"नक्की. मी सांगते ना."

मग ती बोलली. ठेक्यातच बोलली, दळताना बोलावं तशी. "मपला भाऊ टँकर चालवतो, मपला भाऊ! आधी सायबाच्या हौदात रिता करतो. करायला लावतेत त्याला. न्हाई म्हणला तर चाबी काढून घेतेत. पण खाली तेवढं राखतो, अन् आमच्या गल्लीत आणतो. चोरून आणतो. म्हणून तर लेकरं न्हायलेत." बाया हसल्या, कुणीतरी डोळ्याला पदर लावला. मी तर भावाचं नाव निघताच मोठ्यानं हसले होते, कारण दत्ता पलीकडे टँकरच्या चाकाशी बसला होता आणि लाजून त्यानं रुमाल तोंडावर ओढला होता. मावशीचा आवाज फिरत राहिला. मी काचेवर एक चाक काढलं, त्यातून गळणारे थेंब काढले. बसवराजनं हात वर केला. "ज्याचं त्याला परत!" शांतता झाली. मावशीनं उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो. वजनदार, कणकेचा वास असलेला.

मी बसवराजच्या पायाकडे कधी बघितलं नव्हतं. माझी नजर काचेवर असायची.

तीनेक आठवड्यांनी बसवराज म्हणाला, उदगीरला कार्यक्रम आहे. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोठी सभा होती, त्याचे मामा त्या खटपटीत पुढे होते. सभेआधी लोक जमावेत म्हणून आपण अर्धा तास करायचं. मला ते फारसं रुचलं नव्हतं. मी म्हटलं, "आपण कुणाच्या स्टेजवर जात नाही ना?" तो म्हणाला, "मपलं गाव हाय सविता. गावात करू नको का?" लातूरहून एसटीनं गेलो. प्रोजेक्टर सामानात होता, त्याची काच मी मांडीवर घेऊन बसले होते, चादरीत गुंडाळून. खिडकीतून सगळं रान भाजलेलं दिसत होतं. त्याच्या आईनं घरी जेवायला वाढलं, कानडी-मराठी मिसळून लाडानं चौकशी केली, माझ्या हातात गार पाण्याचा तांब्या दिला. मला तो दिवस चांगला वाटत होता, हेही मला विसरता येत नाही.

मैदानावर हजारभर माणूस असेल. मोठे स्पीकर, मोठा पडदा. बसवराजनं सुपात तूरडाळ घोळवून आवाज घेतला. पावसाची सर यावी तसा तो फिरायला लागला आणि लोक एकदम गप्प झाले. त्यावर घागर. मी पहिला थेंब काचेवर टाकला. बोट फिरवलं. आणि स्पीकरमधून गिरजामावशी बोलली.

"मपला भाऊ टँकर चालवतो, मपला भाऊ! आधी सायबाच्या हौदात रिता करतो."

पहिल्यांदा मला वाटलं, ती इथं आली आहे. मी पडद्यामागे बघितलंसुद्धा. मग वाक्य परत आलं, आणि परत आलं. "आधी सायबाच्या हौदात. आधी सायबाच्या हौदात." पुढचं नव्हतंच. लावतेत त्याला, ते नव्हतं. खाली तेवढं राखतो, तेही नव्हतं. तेवढाच तुकडा कापून फेऱ्याला लावला होता. आणि त्याच्या मागे, दर वेळी त्याच जागी, एक मोठ्यानं हसलेलं हसू होतं. कुणाचं आहे हे कळायला मला तीन फेरे लागले. ते माझं होतं.

लोक उठून उभे राहिले. "बगा, लातूरवाले पाणी कसं खातेत!" असं कुणीतरी ओरडलं, टाळ्या पडल्या, शेकडो मोबाइल वर झाले. आणि माझं बोट काचेवर चालूच होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हात मागं घ्यावा, दिवा बंद करावा, हे सुचायला हवं होतं. मी त्या आवाजावर हौद काढत होते. त्याला काठ काढला, पायरी काढली. सवयीनं. पडद्यावर तो हौद भलामोठा दिसत होता आणि लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागे, जनरेटरच्या घरघरीत मी त्याला गाठलं.

"तू पुसलं नव्हतंस?"

"थांबवलं होतं."

"काय?"

"येकदा बटण दाबलं की थांबतं. पुसायला दाबून धरावं लागतं." तो वायर गुंडाळत होता. "सविता, इतका खरा आवाज मी आजपर्यंत ऐकला न्हाई. पुसवलंच न्हाई माझ्यानं."

"मावशीला विचारलंस?"

"इचारलं असतं तर ती हाव म्हणली असती का?"

"नाही."

"म्हणून तर न्हाई इचारलं," तो म्हणाला. अगदी सरळ, जसं काही हे मला आधीच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, दाखव. त्यानं यंत्र उचलून माझ्यापुढे धरलं. बारीकशा खिडकीत हिरवा आकडा होता. तो बटण दाबत गेला आणि आकडे बदलत गेले. खोकला होता. शिट्टी होती. बैल हाकारणारा म्हातारा होता. सगळ्या गल्ल्या, सगळ्या संध्याकाळी नंबर लावून आत बसल्या होत्या. मामांनी त्याला शब्द दिला होता, जिल्हा झाला की सांस्कृतिक भवन होणार, ते तूच बघायचं. हे त्यानं लपवलं नाही, आणि ते फार मोठं कारण आहे असंही त्याला वाटत नव्हतं. "लोकास्नी कळाय नको का पाणी कुठं जायलंय?" असं त्यानं मला उलट विचारलं. त्यात खरंही होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "हे बघ, आता पुसतो. तुझ्यासमोर." त्यानं अंगठा दाबून धरला, हिरवा आकडा लुकलुकला आणि विझला. मी बघत होते, आणि मला ते पटलं नाही. घरी कॉम्प्युटरवर असेल, फोनमध्ये असेल, मामांकडे असेल. इतके दिवस न बघता विश्वास ठेवला, आणि आता डोळ्यांसमोर केलेलंही खरं वाटेना. मी काच तिथंच सोडून शेवटची एसटी धरली.

लातूरला तो व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. गिरजामावशीचा आवाज ओळखायला कुणाला नाव लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दुसराच माणूस घेऊन. त्यानं गल्लीच्या तोंडाशीच पाइप सोडला, अर्ध्या घागरी भरल्या आणि निघून गेला. दत्ताला ठेकेदारानं काढून टाकलं होतं. साहेब कोण, हौद कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. बाया आपापल्या घागरी उचलून घेऊन गेल्या. त्यांच्यावर माझ्या हातची नावं होती. जाताना कमल मावशीच्या दारात थांबून म्हणाली, "तुपल्या तोंडानं आमच्या लेकरांचं पाणी गेलं." ज्या बाईचा आवाज चौकापर्यंत जायचा, ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

मी समोर जाऊन बसले.

"मला माहीत नव्हतं मावशी," मी म्हटलं.

"आवाज मपला गेला, भाऊ मपला गेला," ती म्हणाली, "अन् म्हाईत तुला न्हवतं."

"खरंच नव्हतं."

"मी तुलाच इचारलं होतं. त्या पोराला मी कुठं वळखते?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "त्याच्यात मागं येक पोरगी हसायली. ती तूच ना?"

मी हो म्हटलं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी उठले तेव्हा तिनं थांबवलं नाही.

पाऊस त्या वर्षी उशिरा पण भरपूर झाला. नद्या वाहिल्या, क्लासेस भरले, भिंतीवर नवे गुणवंत आले. मावशीचं कुलूपबंद घर दुसऱ्या कुणी भाड्यानं घेतलं. दत्ताला उमरीला कापसाच्या जिनिंगवर ट्रक चालवायचं काम मिळालं आणि दोघं बहीणभाऊ तिकडे गेले, एवढं ऐकलं. मी पुढच्या वर्षी नांदेडची शाळा धरली. बसवराजचे फोन काही दिवस येत होते, मग थांबले. तो आता पुण्याकडे असतो, मोठ्या सभागृहांत त्याचे फेरे होतात म्हणे. उदगीर अजून तालुकाच आहे. कधी वाटतं, त्यानं मला फसवलं, हे म्हणणं मला फार सोयीचं आहे. त्यानं मला फसवलं हे खरंच आहे. पण मावशीनं शब्द मागितला होता तो माझ्याकडे, आणि मी काहीही न बघता, ज्या गोष्टीची मला खात्री करून घेता आली असती तिचीच खात्री तिला दिली. तिच्या बाजूनं बघितलं तर बसवराज कुणी नव्हताच. मीच होते.

यंदा मार्चमध्ये परीक्षेच्या कामावर मला उमरीला पाठवलं. मुदखेडवरून पुढे पॅसेंजरनं गेले. दुपारी पेपर सुटल्यावर शाळेच्या शिपायाला विचारलं, जेवायला कुठं बरं? तो म्हणाला, "जिनिंगकडं एका बाईची खाणावळ हाय. लई चांगली भाकर टाकते. लातूरची हाय."

मी परत फिरू शकले असते. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. पत्र्याच्या शेडमध्ये तीन बाकं, चुलीपाशी ती. केस बरेच पिकलेले, उंची तेवढीच. मला वाटलं होतं ती ओळखणार नाही. तिनं भाकरी थापता थापता वर बघितलं आणि ओळखलं. हात क्षणभर थांबला, मग भाकरी तव्यावर पडली. गिऱ्हाइकं दोन-तीनच होती. तिनं ताट लावलं, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा, आणि स्वतः आणून माझ्यापुढे ठेवलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

मी किती वर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला नक्की म्हणाले, ते मी न बघताच..."

"जेवा तुम्ही," ती म्हणाली. "गार व्हायलंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लातूरला ती मला अगं पोरी म्हणायची, सवे म्हणायची, माझ्या पाठीत धपाटा घालायची.

"अजून येक भाकर देऊ का तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. शेजारच्या ट्रकवाल्यालाही तिनं तसंच विचारलं होतं.

मी हो म्हटलं. तिनं वाढली, आणि चुलीकडे परत गेली.